काडतुसांच्या पेटीची किल्ली

आदरणीय दाजी,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या रक्तदाबाला वेगळा नमस्कार, कारण त्याच्या मर्जीवर आमच्या ताईचा दिवस जातो. इकडे आम्ही उभयता ठीक. तुमच्या गेटसमोर गाडी लावणारा तो शेजारी सुखरूप आहे ना? (हे मी सहज विचारत नाही.) बंदुकीच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा तुमचा फॉर्म पोचून पंधरा दिवस झाले. 'या इसमाकडे बंदूक राहण्यास माझी हरकत नाही' या ओळीखाली जवळच्या नातेवाइकाची सही लागते, आणि तो मान तुम्ही या मेव्हण्याला दिलात. उशीर का झाला ते सांगतो. चहा घेऊन बसा.

शाळेतल्या त्या गोळीबारानंतर नवा कायदा आला, तेव्हा तुमच्याच जेवणाच्या टेबलावर आपण त्याला यथेच्छ नावं ठेवली होती. ज्याला मारायचं तो मारतोच, कायदा काय करणार, असं तुम्ही म्हणालात आणि मी तोंडात घास असल्यामुळे नुसती मान डोलावली. तरी वडिलांची बंदूक माझ्याकडे असल्यामुळे नियम पाळावाच लागला. बंदूक एका पेटीत, काडतुसं दुसरीत, आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. काडतुसांची किल्ली हिच्याकडे. ती कुठे ठेवली हे मी विचारलं नाही, कारण आमच्या घरात विचारून काही सापडत नाही.

गेल्या सोमवारी मी एका गिऱ्हाइकाचं जुनं मनगटी घड्याळ उघडून बसलो होतो. दोन महिन्यांचं काम, चिमट्यात शेवटची स्प्रिंग. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या सुताराने असा हातोडा घातला की स्प्रिंग उडाली ती थेट खिडकीबाहेर. दाजी, मी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. पण डोक्यात तिडीक गेली, आणि भानावर यायच्या आत बंदूक पेटीतून निघून पलंगावर आली होती. ही दातांच्या डॉक्टरकडे गेलेली. मी किल्ली शोधू लागलो. तांदळाचा डबा, शिवणाचा डबा, मग उरलेले सगळे डबे. मला वर्षभर न मिळालेला चष्मा सापडला, विजेची दोन बिलं सापडली, लग्नाआधी मी हिला लिहिलेली पत्रं सापडली. (वाचली. बरी होती.) चाळीस मिनिटं गेली. तोवर सुतार मागे पडून सगळा राग त्या कुलपावर आला होता. आणि आमच्या घरात कुलूप, खिडकी, बरणीचं झाकण, काहीही अडलं की काय करतात? खिडकीतून सुताराला हाक मारतात. मी मारली.

तो पटाशी घेऊन वर आला. बंदुकीवर मी कशीबशी चादर टाकली. पेटीत काय आहे असं त्याने विचारलं, मी औषधं म्हणालो. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"काका, कुलूप दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "पण तुमचे हात किती थरथरताहेत. आधी बसा."

माझ्याच स्वयंपाकघरातून त्याने मला पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि दवाखान्यात सोडू का म्हणाला. मी रडलो, दाजी. ती किल्ली डब्यात वरच असती तर त्या माणसाचं काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पेट्या पोलीस ठाण्यात जमा केल्या. जमा करण्याचं कारण या रकान्यात मी 'राग येतो' असं लिहिलं. कारकून म्हणाला, असं कारण यादीत नाही, 'इतर'वर खूण करा. केली.

तुमचा,
घड्याळवाला मेव्हणा

ता. क. फॉर्म सोबत परत पाठवतो आहे. सही केलेली नाही. पेनात शाई होती. त्या शेजाऱ्याला 'एक दिवस दाखवतोच' असं मागच्या भेटीत तुम्ही तीनदा म्हणालात, आणि तुमच्याकडच्या दोन्ही किल्ल्या तुमच्याच खिशात वाजताना मी ऐकल्या आहेत.

आणखी एक. ताईला यातलं काही माहीत नाही, तेव्हा राग काढायचा तो माझ्यावर काढा. त्यासाठी जरूर इकडे या, फक्त रिकाम्या हाताने या. बसला तीन तास लागतात. मला चाळीस मिनिटं पुरली होती.