आनंदीबाईंचा बेसूर

३ जानेवारी १९९६
पुण्यातला तिसरा दिवस. बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानावर खोली मिळाली. सांगलीच्या शाळेत बावीस वर्षं मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेतली, आता महिला कारागृहात समूहगान शिकवायचं. कारागृह मार्केट यार्डाच्या मागे. वर्ग तिथल्या हॉलमध्ये, दुपारी दोन ते चार, बायका अकरा, आणि सव्वीस तारखेला झेंडावंदनाचा कार्यक्रम. भिंतीपलीकडून हमालांच्या हाका आणि कांद्याचा वास येतो. पहाऱ्यावरच्या सरुबाई म्हणाल्या, "गाण्याला येतात त्या चहासाठी येतात." इथे चहा मिळत नाही, असं मी म्हटलं. "ते त्यांना सांगू नका," म्हणाल्या. एकूण मजेत आहे मी.

६ जानेवारी
कमरजहांचा गळा सगळ्यांत गोड. तेवीस वर्षांची, शिवणकाम करायची. नवऱ्याच्या खुनाचा आरोप आहे, निकाल व्हायचाय. वकील आहे, पण अठराला कोर्टात स्वतःची बाजू स्वतः सांगणार आहे. रोज पाठ करते.
अडचण आहे आनंदीबाईंची. साठीच्या, चौदा वर्षं आत. सगळ्यांचा सूर जुळत आला की नेमक्या तेव्हा बेसूर होतात. आज अंगण झाडताना गुणगुणत होत्या, अगदी सुरात. म्हणजे मुद्दाम करतात.

९ जानेवारी
त्यांना बाजूला घेऊन विचारलं. "सगळ्यांचा सूर एक झाला की बरं नसतं, बाई," एवढंच म्हणाल्या. सरुबाईंचं म्हणणं, म्हातारीला नव्या माणसाचं कौतुक सोसत नाही. मलाही तेच वाटतं.

११ जानेवारी
आनंदीबाईंना वर्गातून काढलं. वाद घातला नाही. जाताना म्हणाल्या, "कमरजहांला तरी गाण्यातून सोडा."
आणि आज दहा जणींचा सूर पहिल्यांदा एक झाला. अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं.

१३ जानेवारी
वर्गातल्या तुळजाबाईचा आवाज गेला. डॉक्टर म्हणतात घशाला काही नाही. ती सतरंजीवर तोंड मिटून बसली होती. तरी दुसऱ्या कडव्याला तिचा जाडा आवाज मला ऐकू आला. मी तिच्याकडे बघत होते. तीही माझ्याकडे बघत होती.

१५ जानेवारी
आणखी दोघी मुक्या झाल्या. सात जणी गातात आणि ऐकू दहाच येतात.
आनंदीबाई काहीतरी खाऊ घालत असणार. सरुबाईंकडून त्यांचं अंथरूण तपासून घेतलं. मूठभर शेंगदाणे आणि नातीचा फोटो निघाला. शरम वाटली, पण संशय गेला नाही.
कमरजहां म्हणाली, "बाई, अठरापर्यंत मला नका गायला लावू." म्हटलं, फक्त आजचा दिवस. तिच्याशिवाय वरची पट्टी उभी राहत नाही.

१६ जानेवारी
कमरजहांही.

१८ जानेवारी
कोर्टात गेले होते. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं. तिने तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आवाज नाही. सरकारी वकील म्हणाला, नाटक आहे. तिने एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पुढची तारीख एप्रिलची. तोवर आतच.
परत आले तर सरुबाई दारातच उभ्या. अडीचच्या सुमाराला कुलूपबंद हॉलमधून कमरजहां गात होती म्हणाल्या. अडीचला ती माझ्यासमोर पिंजऱ्यात उभी होती.

१९ जानेवारी
आनंदीबाईंच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं. सांगितलं ते असं: या हॉलमध्ये आवाज एक झाले की ते परत ज्याच्या त्याच्या गळ्यात जात नाहीत. एकजण बेसूर असली की होत नाहीत एक. म्हणून त्या माझ्या आधीच्या वर्गांतही, तीन वर्षं, बेसूर गायल्या, लोकांचं हसू सोसून.
मी हात जोडले, आता गा म्हटलं. हॉल उघडवला. आत कुणी नव्हतं, आणि माझीच चाल चालू होती, दहाही जणींच्या आवाजात. आनंदीबाई घसा फाटेस्तोवर बेसूर गायल्या. काही फरक पडला नाही.
बाहेर येऊन त्यांनी हळूच विचारलं, शिकवताना तुम्हीही बरोबर गात होतात का?
प्रत्येक ओळ. आधी मीच.

२० जानेवारी
सकाळपासून आवाज बसलाय. सर्दी असेल. हवा गार आहे —
दुपारी अजिबात नाही. दुकानदाराला चिठ्ठी लिहून दूध मागवलं. तो हसला, म्हणाला, बाई, आत्ताच तर वर गात होतात.

२१ जानेवारी
सकाळचे अकरा वाजलेत. खाली रस्त्यावर गर्दी, उजेड, सगळं नेहमीसारखं. सांगलीला परत जाते. ट्रंक भरली. कमरजहांच्या वकिलाला पत्र लिहिलंय, चूक माझी —
जिन्यावर पावलं. एकाची नाहीत.
दाराला कडी आहे. मी गप्प बसले तर जातील —
बाहेरून हाक. तुळजाबाईचा आवाज. मग कमरजहांचा. बाई आहेत का?
मी तोंडावर हात धरलाय. तरी खोलीतून, माझ्या पाठीमागून, माझा आवाज म्हणाला, आहे ना, या, कडी काढते