नानांच्या दगडावर नारळ

नाना, तुमच्या दगडाला आता लोखंडी जाळी बसली आहे. शेंदूरही लागला आहे. तुम्ही असता तर जाळीसकट सगळ्यांना शिंदखेड्याच्या वेशीबाहेर पिटाळलं असतं. पण तुम्ही नाही आणि मी आहे, हीच माझी पंचाईत. तुमच्या आठवणीसाठी दर हिवाळ्यात दगड बघायची फेरी निघते आणि ती मी चालवते, कारण तुमच्या विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त दगड माझ्याच डोक्यात भरलेत, असं फेरीच्या कमिटीचं मत आहे. यंदा मात्र जळगावहून निघतानाच ठरवलं होतं की ही शेवटची. मेहरूणच्या माझ्या घरात आरशासमोर ते वाक्य म्हणूनसुद्धा पाहिलं होतं.

ती काळ्या दगडाची भिंत अजून तशीच आहे, शेतांमधून सरळ गेलेली. राक्षसांनी एका रात्रीत बांधली, असं गावात सांगत. मला अजून दिसतं: तुम्ही वर्गाची रांग तिथे नेता, हातोडीने एका दगडाच्या मागच्या अंगाचा टवका उडवता आणि नव्या फुटलेल्या जागेवर चक्क थुंकता. अंगठ्याने चोळता. "कोरडा दगड मुका. ओला केला की बोलतो," म्हणता, आणि खरंच काळ्यात पांढऱ्या बारीक काड्या चमकायला लागतात. मग एकेकाची पाळी. माझी येते तेव्हा मी ओढणी तोंडाशी धरून उभी. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "अगं, दगड काय तुझा सासरा आहे? थुंक!" मी रडत रडत थुंकले. पुढे आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, तो त्या काड्या पाहिल्या म्हणून.

तुम्ही गेल्यावर पहिल्या फेरीला कोणीतरी त्याच दगडाला हार घातला. मलाही बरं वाटलं होतं. नंतर कोणाच्या तरी आईने हळदकुंकू वाहिलं, मग शेंदूर आला, मग जाळी. आता लेकरू व्हावं म्हणून बाया नवस बोलतात. शेंदूर लागल्यावर दगडाला हातोडी कोण लावणार? थुंकायचं तर नावच नको. मी जाळीबाहेर उभी राहून घडाघडा माहिती सांगते, लोक हात जोडून ऐकतात आणि दगडाकडे कोणी बघत नाही. त्यातून मी कोण, तर आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागते, नारळ फुटत नाही. आईने जन्मात कुठल्या शेंदरापुढे मान लववली नाही, आणि तिची मुलगी तुमच्यापायी पुजारीण होऊन बसली. गुदमरायला होतं, नाना. तुमचा रागही येतो. जाताना "हे चालू ठेव" म्हणालात. कसं सोडायचं ते कोण सांगणार होतं?

यंदा कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आज नारळ तुमच्या हस्ते." आजवर मी तेवढं टाळत आले होते. मी म्हटलं, "भाऊ, मला आधी थोडं बोलायचं आहे." "आधी नारळ, मग भाषण," म्हणून त्यांनी जाळीचं दार उघडलंच. शेजारी गावातल्या एक म्हाताऱ्या अक्का उभ्या होत्या, दरवर्षी येतात. निदान त्यांना तरी सांगून टाकावं म्हणून हळूच म्हटलं, "अक्का, पुढच्या वर्षी मी येणार नाही." त्यांनी माझा हातच धरला. "असं कसं व्हई, बाई? नानानी बठ्ठी गोट तुलेच ठाऊक शे. तू नही उनी ते आम्ही कोनाकडे देखूत?" नानांची सगळी गोष्ट म्हणे मलाच ठाऊक, मी आले नाही तर त्यांनी बघायचं कोणाकडे? इकडे आड, तिकडे विहीर. मला आई आठवली. डोळे मिटले आणि नारळ हाणला.

सवय असती तर पायथ्याच्या दगडावर नीट फुटला असता. मी हाणला थेट तुमच्या दगडाच्या माथ्यावर, तोही वाकडा. पाणी सगळं मागच्या बाजूने, तुम्ही उडवलेल्या टवक्याच्या जागेवरून ओघळलं, जिथे शेंदूर कधी पोचलाच नव्हता. कमिटीवाले "अरे अरे" करत राहिले. अक्का मात्र वाकून बघत होत्या. "बाई, हाई काय चमकी ऱ्हायनं?"

तुमच्या काड्या, नाना! मी भाषण विसरले. अक्कांचं बोट धरून त्या ओल्या जागेवर ठेवलं. सांगितलं, की जमिनीच्या पोटातला तापलेला रस वर यायला निघाला आणि फटीतच अडकला. तिथे हळूहळू गार झाला, म्हणून या काड्यांना, म्हणजे स्फटिकांना, वाढायला वेळ मिळाला. भोवतीची माती-मुरूम झिजून गेला, हा उरला. अक्का बराच वेळ बोट फिरवत होत्या. म्हणाल्या, "अडकना ते अडकना, पन कशा चमकस!" ते मलाच म्हटल्यासारखं वाटलं, फारसं आवडलं नाही. मागे रांग लागली होती, जो तो वाकून बघत होता, आणि पाणी वाळत चाललं होतं.

हे पत्र ठेवायचं तरी कुठे? कमिटीच्या हाती लागलं तर फ्रेम करून जाळीला टांगतील, उदबत्तीही लावतील. तेव्हा फाडूनच टाकेन. आरशासमोरचं ते वाक्य मी बोललेच नाही, नाना. निघताना अध्यक्षांनी पुढच्या वर्षाचं विचारलं, आणि मी म्हणाले, एका नारळाच्या पाण्याने भागत नाही, दोन आणा.