दोन्ही दारं उघडी

अबुधाबी,
गुरुवार, २८ ऑक्टोबर १९९९

चि. विघ्नेशराव यांस,

अनेक आशीर्वाद. तुमच्या मातोश्रींना माझा आणि सुचित्राचा नमस्कार सांगावा. आम्ही दोघे बरे आहोत. इथला उकाडा आता ओसरतो आहे, पण हवेतला दमटपणा तसाच आहे. संध्याकाळी गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. सुचित्राने मागच्या खोलीला नवे पडदे लावले आहेत. पाळणा कुठे ठेवायचा यावर तिचा रोज वेगळा निर्णय असतो. डोंबिवलीत पाणी वेळेवर येतं ना? समिधाला जिने फार चढू देऊ नका. सातवा महिना लागला असेल.

दिवाळीच्या कार्यक्रमात मी बोलणार नाही. मंडळाने दुसरा वक्ता शोधला आहे. स्टेडियमवर घोषणा करायलाही मी आता जात नाही. माझ्या खुर्चीवर एक टेप ठेवली आहे, ती इंग्रजीत आणि अरबीत गोड आवाजात सगळ्यांचं स्वागत करते. ऑफिसमधले विचारतात, "सर, आपका हॉकी बंद?" मी म्हणतो, "खलास."

इतकी ख्यालीखुशाली पुरे. चार दिवस मी पत्र सुरू करतो आणि पडद्यांपाशी अडकतो. आज अडकणार नाही. आणि 'तुम्ही'ही आता लेखणीतून उतरत नाही, विघ्नेश. जावयाला अहोजाहो करायची आमच्याकडे पद्धत आहे. ती मी मोडतो आहे, तुझ्या आईंनी हे पत्र वाचलं तर त्यांची माफी मागतो.

चौदा तारखेच्या मॅचबद्दल लिहितो आहे.

तू म्हणशील, बाबा, पगारी हॉकीत लबाडी नवी नाही. मान्य. पाच वर्षं मी घोषणा करायच्या त्या काचेच्या खोलीतून बर्फावरची ही हॉकी बघितली आहे. आपल्या क्लबचा कॅनडावाला स्टिकचं पातं नियमापेक्षा जास्त वाकवून आणायचा आणि पंच मोजायला निघाले की बाकावर जाऊन सरळ स्टिक घ्यायचा, हे मी पाहिलं आहे. अंगावर गर्दी झाली की आपला गोलकीपर पाठीने हळूच गोलचा सांगाडा ढकलून खुंटीवरून काढतो आणि शिट्टी होऊन खेळ थांबतो, हेही पाहिलं आहे. धक्का न लागता आडवं होणारे पाहिले. दमलेल्या साथीदारांना दम खाता यावा म्हणून बुटाची नाडी तोडणारेही पाहिले. दुबईची टीम काही संतांची नव्हे. तीही हेच करते. त्या सगळ्याची मला चीड होती आणि आहे. पण ऐक. त्या माणसाला पकडलं की पंच हात वर करतो, मी माईकवर त्याचं नाव आणि गुन्हा सांगतो आणि तो स्वतः शिक्षेच्या काचेच्या पिंजऱ्यात जाऊन दोन मिनिटं बसतो. अख्खं स्टेडियम त्याच्याकडे बघतं. ज्याने केलं तोच बसतो.

तू केलंस आणि दुसऱ्याला बसवलंस.

तू म्हणशील, मला काय माहीत! मला माहीत आहे. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

बर्फ घासायची गाडी खरवडलेला चुरा घेऊन मागच्या बोळात जाते. त्या बोळाला आतून एक शटर आणि बाहेरून एक. दोन्ही कधीच एकदम उघडायची नाहीत. हा नियम तूच मला लग्नानंतर मशीनरूम दाखवताना अभिमानाने समजावला होतास, "बाबा, बाहेरची दमट हवा आत आली की बर्फावर धुकं धरतं, मग खेळ थांबवावाच लागतो." ते धुकं कसं घालवतात तेही तूच दाखवलंस: दोन्ही टीम हातात हात गुंफून गोल गोल फिरतात, वरून पंखे चालतात. पंधरा-वीस मिनिटं जातात. मला गंमत वाटली होती. वाळवंटात धुकं!

सप्टेंबरात दोनदा असं झालं. दोन्ही वेळा आपला क्लब एका गोलने पुढे होता आणि शेवटच्या भागात आपले पोट सुटलेले पगारी वीर धापा टाकत होते. दोन्ही वेळा मी माईकवर म्हणालो, "हवामानामुळे खेळ थांबवण्यात आला आहे." शब्द माझे, आवाज माझा, आणि खोटं तुझं. एकदा अपघात असेल असं मी अजूनही मानायला तयार आहे.

चौदा तारखेला चार-तीन होते. दुबईवाले आपल्या गोलवर तुटून पडले होते. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा वॉकी-टॉकी बोलला. त्या चॅनलवर तुम्ही बर्फवाले बोलता आणि घोषणा करायची असेल तर मलाही सांगता, हे तू विसरलास. अरबी, मलयाळी, रशियन सगळे आसपास, म्हणून तू आणि शटरवरचा भिवा बिनधास्त मराठीत बोलायचात. तुझा आवाज आला, "भिवा, दोन्ही उघड. मी सांगेपर्यंत बंद करू नकोस."

भिवा म्हणाला, "साहेब, आज आतले गडी लय जोरात पळतायत. कुनी आपटंल."

"यल्ला रे, उघड. दोन मिनिटांचं काम आहे."

मी आकडे सांगत होतो, सांगता सांगता थांबलो. लोकांना वाटलं माईक बिघडला. पंचांची शिट्टी वाजायच्या आधीच धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं, आणि दुबईचा एक मुलगा पकच्या, त्या रबरी चकतीच्या मागे गेला तो कठडा न दिसताच त्याच्यावर आदळला. त्याचा गुडघा उलटा वळला. मी वरून पाहिलं. काचेतून आवाज येत नाही, तरी मला तो ऐकू आला.

चौकशी बसली ती त्या मुलासाठी. क्लब म्हणाला, दारावरच्या माणसाचा हलगर्जीपणा. भिवाला बोलावलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, माझ्याच हातनं राहिलं. कारण तू त्याला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतंस, "आत्ता माझं नाव घेऊ नकोस, आठ दिवसांत मिटवतो." आणि आठ दिवस व्हायच्या आत तू विमानात बसलास. मॅनेजरने कौतुकाने तुझी रजा मंजूर केली, शिवाय बायकोला आणता येईल अशी फॅमिली व्हिसाची ग्रेडही दिली. ती ग्रेड कशासाठी होती हे मला उशिरा कळलं. मी पेढे वाटले होते, विघ्नेश. ऑफिसात, मजल्यावर, खालच्या बकाल्यातल्या वाण्याला.

जायच्या दोन दिवस आधी खंडेनवमी होती. मशीनरूममध्ये तू कॉम्प्रेसरला हळदकुंकू वाहिलंस, नारळ फोडलास आणि मला प्रसाद दिलास. भिवा दाराशी उभा होता. तू म्हणालास, "ये ना, लाजतोस काय?" आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावलंस. तेव्हा त्याच्या नावाचं व्हिसा कॅन्सलेशन टाइप होत होतं. तुला ते माहीत होतं. नंतर ते टाइप करणाऱ्यानेच मला सांगितलं.

मी गप्प राहणारा माणूस नाही. रविवारी मी स्पर्धेच्या समितीपुढे गेलो आणि जे ऐकलं ते सांगितलं. तुझं नाव घेतलं. पेनल्टी घोषित करताना घेतो तसं, स्पष्ट. समितीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, संभाषण कुठे रेकॉर्ड झालेलं नाही, भाषा इथे कुणाला येत नाही, आणि दारावरचा माणूस स्वतःच कबूल करतो आहे. तरीही मशीनवाल्या सुपरवायझरने स्वतः लिहून दिलं तर फाईल पुन्हा उघडू. मुदत ४ नोव्हेंबरच्या गुरुवारपर्यंत. मग भिवावरची बंदी उठेल आणि त्याला परत येता येईल. नाहीतर त्याच्या पासपोर्टावर शिक्का पडला तो पडला.

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गेली. मॅनेजर म्हणाला, "मिस्टर सूर्यकांत, हबीबी, तुम्ही फार मोठ्या आवाजात बोलता." मी म्हणालो, "त्यासाठीच तर तुम्ही मला ठेवलं होतं."

खुर्ची गेल्याचं दुःख मला नाही. जे आहे ते मी तीन पानं टाळतो आहे.

समितीकडे जायच्या आधी मी समिधाला फोन केला होता. तुझ्याशी बोलण्यात अर्थ नव्हता, तू पलीकडून "नेटवर्क खराब आहे बाबा" म्हणाला असतास. मी तिला सगळं सांगितलं. दार, धुकं, भिवा, ग्रेड. माझी मुलगी आहे, मला वाटलं ती म्हणेल, जा बाबा, सांगा. शाळेत असताना व्यासपीठावर माझ्यामागे ही पोर ताठ उभी राहायची.

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही जाणार कुठे."

"समिधा, एका माणसाचं पोट..."

"माझ्याही पोटाचा विचार करा. दीड वर्ष मी इथे आहे बाबा, एकटी. या खेपेआधी दोन रजा मिळून अठरा दिवस नवरा पाहिलाय. व्हिसाचं कळलं तेव्हा मी आईला फोनवर रडत सांगितलं. तुम्ही एक भाषण द्याल आणि मी इथेच राहीन."

"हे भाषण नाही."

"तुमचं सगळंच भाषण असतं."

मग तिने फोन ठेवला. मी तरीही गेलो. तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. सुचित्रा माझ्यासमोर ताट ठेवते आणि आत जाते. पडदे तिने काढलेले नाहीत. मी इतका वेळ समिधाची तब्येत तुला विचारतो आहे, कारण मला ती दुसरीकडून कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

ती चुकली असं मी म्हणणार नाही. तिला अशा कोपऱ्यात तू उभी केलीस, जिथे तिचा संसार आणि भिवाचा संसार यांतून एक निवडायचा. दोन्ही उभे राहू शकले असते. तुझ्या हातात चांगलं काम होतं, ग्रेड वर्षभरात सरळ मार्गाने मिळाली असती. तुला घाई होती. आणि घाईच्या माणसाला नेहमी कुणीतरी भिवा सापडतो, जो "साहेब" म्हणतो आणि दोन्ही दारं उघडतो. ज्याला मी चोरी म्हणतो तिला तुम्ही सगळे 'जरा ॲडजस्ट केलं' म्हणता. खेळात म्हणता, ऑफिसात म्हणता, उद्या मुलाला मांडीवर घेऊन त्यालाही म्हणाल. तो मुलगा माझा नातू असेल. तेव्हा मी हे मुकाट ऐकून घेणार नाही.

काल भिवाला भेटायला मी कामगारांच्या कॅम्पवर गेलो. बॅग भरून तयार होती. आपण कुणी देशी निघालं की त्याच्या हाती पत्रं, खजूर, बाळाचे कपडे देतो, तशी त्याच्या खाटेवर चार जणांची पुडकी होती. हाकलून दिलेला माणूस, पण रीत मोडत नाही. मला म्हणाला, "साहेब, तुमचं काय न्यायचंय का डोंबिवलीला? माझी वाट तिकडनंच हाय. विघ्नेशसाहेबांनी यायला सांगितलंय, म्हनाले मिटवतो."

मी विचारलं, "अजून तुला वाटतं तो मिटवेल?"

तो हसला. "नाय मिटवलं तर निदान च्या तरी पाजतील की."

म्हणून हे पत्र त्याच्याकडे देतो आहे. यात काय आहे ते त्याला माहीत नाही. पाकीट मी बंद करून देणार आहे. मी त्याला एवढंच सांगणार आहे की उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तेव्हा हे वाचताना तो तुझ्या समोर बसला असेल. बहुधा खुर्चीच्या कडेला, बॅग पायाशी घेऊन. समिधाने त्याला पाणी दिलं असेल. तिला हे पत्र वाचू दे. मग कागद घे. इंग्रजी नको, वकिली नको. "दोन्ही दारं उघडायला मी सांगितलं." एवढं लिही, सही कर. समितीचा फॅक्स नंबर मागच्या बाजूला आहे. भिवाच्या सोबत टेलिफोन बूथवर जा, त्याच्या देखत पाठव. तुझी नोकरी जाईल. व्हिसा जाईल. समिधा मला आयुष्यभर क्षमा करणार नाही. हे सगळं मोजून मी लिहितो आहे.

लिहिणार नसशील तर त्याच्या तोंडावर तसं सांग. मी तिथे नाही. माईक नाही. तुझ्या आवाजात सांग.

समिधाचा बाप,
सूर्यकांत