झाडांवरचे कान

सोमवार, ४ मार्च
पोचले एकदाची. होडीतून उतरताना माझी पिशवी पाण्यात पडली आणि ताई अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्यामागे उतरली. भावजी पोट धरून हसले. गाव नदीपलीकडे, जंगलाच्या काठावर ताईचं एकच घर. झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून गावाने उंच फांद्यांवर मायक्रोफोन बसवलेत. मी मागच्या खोलीत हेडफोन लावून ऐकायचं आणि करवत वाजली की भावजींना सांगायचं. समितीचे प्रमुख तेच. या कामाला घरचंच माणूस हवं, असं ते म्हणाले. फुशारले मी.

शनिवार, ९ मार्च
कान तयार होतायत. माकडांची भांडणं, पानांवरून ओघळणारं पाणी आणि गस्तीवाल्या शिट्टीकाकांची शिट्टी. एक गाणं धड वाजवत नाहीत, पण थांबतही नाहीत.
आज पूर्वेच्या झाडाजवळ करवत ऐकू आली. धावत जाऊन भावजींना सांगितलं. माणसं पाठवतो म्हणाले.

मंगळवार, १२ मार्च
माणसं गेलीच नाहीत. उलट तो मायक्रोफोन बिघडलाय म्हणून भावजींनी स्वतः उतरवला. न राहवून शिट्टीकाकांच्या कानावर घातलं. कोणाला सांगू नकोस म्हणाले आणि दुसरा मायक्रोफोन खिशात घालून पूर्वेच्या झाडाकडे गुपचूप निघाले.

गुरुवार, १४ मार्च
काका परतले नाहीत. लेकीकडे गेलेत, म्हणे.
त्यांनी नेलेल्या मायक्रोफोनवर आपोआप झालेलं रेकॉर्डिंग ऐकलं. शिट्टी. मग भावजींचा आवाज, अगदी आपुलकीचा. काका, इकडे या जरा. एक दणका. शिट्टी अर्ध्यावर तुटली. नंतर करवत, बराच वेळ.
ताईजवळ रडले. भावजींनी काकांना मारलंय, एवढंच सांगितलं. कसं कळलं ते नाही. तिने डोक्यावरून हात फिरवला. गप्प राहा, मी बघते म्हणाली.

शुक्रवार, १५ मार्च
होडी काठाला नाही. फोन लागत नाही. ताईही घरात नाही.
काकांच्या मायक्रोफोनवर ऐकतेय. करवत बंद. दोघं बोलतायत. भावजी विचारतायत, ती येईल का. आणि ताई— माझी ताई—
“माझ्या शब्दाबाहेर नाही ती. मीच घेऊन येते.”

दुपार
आली. काकांचा पत्ता लागलाय, चल म्हणते. वाट निसरडी आहे, बूट घाल— एवढी ओळ लिहू दे म्हटलं. खाली बसून माझ्या नाड्या बांधतेय, लहानपणी बांधायची तशाच. घट्ट. भावजी मागच्या दाराशी— ताई वर बघत नाहीये— मी म्हटलं, ताई, मी सगळं ऐकलंय— तिचे हात थांब—