घासलेलं पदक

प्रिय दादा,

१. सोमवारी तुझं पाकीट प्रयोगशाळेत मिळालं. आत पुलाच्या उद्घाटनाचं कांस्य स्मृतिपदक आणि चिठ्ठी: गेल्या वर्षी भंगारवाल्याकडून घेतलं, गिऱ्हाईक दाखला मागतंय, खरं की नक्कल एवढंच सांग.
२. वजन ४१.६ ग्रॅम. पदक अस्सल.
३. ते नुकतंच घासलेलं आहे. अक्षरांच्या खाचांत टूथपेस्टचे कण आहेत.
४. कडीच्या डावीकडे काठावर एक पोचा आहे.

तुझं उत्तर दुसऱ्या ओळीत आलं. पण तो पोचा माझ्या हातचा आहे. अकरा वर्षांची असताना भिंगकाकांच्या जिन्यावर ते माझ्या हातून पडलं. तुला आणि मला पदकं ओळखायला शिकवणारे काका रागावलेही नाहीत. म्हणाले, बरं झालं पोरी, आता शंभरांतून ओळखू येईल. दादाला सांगू नकोस, तो आठवडाभर डोकं खाईल. आम्ही सांगितलं नाही. अशी पदकं टांकसाळीत शेकड्यांनी पाडली होती, म्हणून तुला वाटलं असेल, सगळी सारखीच. काकांचे वडील त्या पुलावर रिव्हेट ठोकायचे. यंदाच्या मार्चमध्ये मी काकांचा संग्रह तोलून दिला, तेव्हा हे एकच तोलायचं राहिलं. ते सदऱ्याखाली, त्यांच्या गळ्यात होतं.

त्याच लहानपणी मी एक पदक घासून चकचकीत केलं, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. जुना रंग गेला की पदक मेलं, हे तुझंच वाक्य. तोच तू हे घासलंस. कडीखाली मात्र तुझा ब्रश पोचला नाही. तिथे तपकिरी काहीतरी वाळून बसलंय. मी ते अजून तपासलेलं नाही. तपासलं की नोंद करावी लागते.

काकूंचा रोज फोन येतो. काका बेपत्ता होऊन आज एकोणीस दिवस झाले. त्या तुझंच कौतुक करतात: पोटचा मुलगा फिरला नसता इतका दादा यांना शोधत फिरतोय. त्या दिवशी काका तुझ्याकडे यायला निघाले होते, आणि पोचलेच नाहीत, असं तू त्यांना सांगितलंस. मी ऐकून घेते. पदकाचं त्यांना अजून बोललेले नाही.

आधी तुला लिहावं, एवढं आपलं नातं आहे, म्हणून हे पत्र. शुक्रवारी सकाळी दहाला मी कडीखालचा नमुना घेईन आणि अहवाल घेऊन काकूंबरोबर पोलीस ठाण्यात जाईन. काका कुठे आहेत, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझीच,
धाकटी