होडीला पेलेल अशी लहान मोटार मिळणेबाबत

प्रति,
मा. साहाय्यक अधिकारी,
तलाव व नौका साहाय्य कक्ष,
जि. धाराशिव.

विषय : शिडाच्या होडीसाठी दिलेली मोठी मोटार परत घेऊन लहान मोटार देणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे सर्व अर्ज व त्यांस आलेले आपले एकमेव पत्र.

महोदय,

मी बुद्धघोष आबाराव सरवदे, रा. उंबरकोठा वस्ती, ता. तुळजापूर, पुन्हा एकदा कागदावरून आपल्या टेबलासमोर उभा आहे.

१. साठवण तलाव झाल्यापासून वस्तीला तीन बाजूंनी पाणी आहे. कॉलेज समोरच्या काठावर दिसते, पण रस्त्याने जायचे तर अर्धा तालुका पालथा घालावा लागतो. माझी मुलगी भाग्यश्री बारावी सायन्सला. आपण कृपावंत होऊन शिडाची लहान होडी दिलीत. परंतु आमच्याकडचा वारा कॉलेजच्या वेळा पाळत नाही. सकाळी तो नसतोच, आणि दुपारी सुटला की होडी नको त्या काठाला नेतो. म्हणून मोटार मागितली.

२. कोणती मोटार हवी ते ग्रामसभेने ठरवावे, असे आपण तोंडी सांगितलेत. महोदय, आमच्या गावाला मोटार म्हणजे बोअरची मोटार. माजी सरपंच वीरप्पा सभेत म्हणाले, "तळं लई खोल हाय, लांब दांडीची घ्या. आन् हॉर्सपॉवर कमी नका घेऊ, मागनं पस्तावताल." ठराव एकमताने झाला. दांडीची लांबी पाण्याच्या खोलीवर नव्हे, होडीच्या मागच्या फळीच्या उंचीवर ठरते, आणि मोटारीचे वजन होडीला पेलावे लागते, हे मोटार बसवल्यावर कळले. होडीचे बूड पाण्यात गेले, नाक आभाळाकडे. भाग्यश्री दप्तरासह कंबरेपर्यंत भिजली.

३. मोटार बदलून मागितली, तेव्हा आपले पत्र आले की फक्त नादुरुस्त मोटारच बदलून मिळते. सबब ती आधी बिघडली पाहिजे. बिघडायला ती चालली पाहिजे, आणि चालायला होडी तरंगली पाहिजे. मध्यंतरी आम्ही बाभळीची वल्ही केली. तपासणीस आलेल्या कर्मचाऱ्यांनी होडीत विनापरवाना फेरबदल केल्याचा शेरा मारून वल्ही जप्त केली.

४. आता पाणी मागे सरले असून काठाला गाळ आहे. प्रात्यक्षिक परीक्षेला भाग्यश्री त्या गाळातून चालत गेली. पोहोचेपर्यंत परीक्षा संपली होती. लेखी परीक्षेला ती गेलीच नाही. तिने पुस्तके पोत्यात भरून माळ्यावर टाकली. मला फार वाईट वाटले, एवढी नोंद घ्यावी.

तरी लहान मोटार द्यावी, ही विनंती. भाग्यश्रीसाठी आता नको. शेजारी प्रसेनजित यांची मुलगी नंदा सातवीत आहे. ती कॉलेजला जाईपर्यंत तरी निर्णय व्हावा. होईल असे वाटत नाही, पण तिला मी तसे सांगितलेले नाही.

आपला नम्र,
बुद्धघोष आबाराव सरवदे
दि. ९ मार्च २०२६

सोबत : ग्रामसभेचा ठराव, आपले पत्र, कु. नंदा हिचा शाळेचा बोनाफाईड दाखला.