चोथ्याला शिस्त

सोमवार, ३ तारीख. सकाळी ९
ब्रूअरीतल्या बार्लीच्या चोथ्याचा चार्ज आजपासून माझ्याकडे! मी कायम होणार की घरी जाणार, ते मालक शनिवारी ठरवणार. कायमच होणार. अर्क काढून उरलेला चोथा गोठेवाला रोज सकाळी सहाला गाईंसाठी भरून नेतो. ना पास, ना सही. आओ जाओ घर तुम्हारा! नवा नियम: वेळ दहा ते पाच, फॉर्म तीन प्रतींत.

मंगळवार, ४
गोठेवाला म्हणाला, गाईंना घड्याळ कळत नाही. मी म्हटलं, मग शिकवा. (फार छान बोललो.) रिकामा टेम्पो घेऊन गेला. उद्या येईल झक मारत.

बुधवार, ५
आला नाही. अडेलतट्टू! बिअर बनवणारा ब्रूअर म्हणतो, चोथ्याची टाकी निम्मी भरली, दोन दिवसांत चोथा आंबेल. मेला घाबरट आहे. दोन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास.

गुरुवार, ६
आयडिया! चोथा वाळवून विकायचा. गोठेवाला गेला उडत. पार्किंगमध्ये ताडपत्र्या पसरल्या.
दुपारी ३. वरून सुकला, खालून गरम आणि आंबट. माश्याच माश्या. अकाउंटंटबाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, हे कधी आवरणार? प्रयोगाला वेळ लागतो, हे बायकांना कोण सांगणार?

शुक्रवार, ७. सकाळी ११
टाकी काठोकाठ. ब्रूअर म्हणाला, भांड्यातला नवा चोथा काढायला जागा नाही, दोन वाजता काम बंद. सकाळपासून सहावा कप चालू आहे. चहा कमी करायला हवा.
१२.३०. गोठेवाल्याला सात फोन. तत्त्व सोडणार नव्हतो, फक्त दोन प्रती माफ करणार होतो. उचलत नाही.
२.१०. सगळं बंद. कामगार अंगणात उभे, आणि सगळे माझ्याचकडे बघतायत. भीती वाटतेय, खरंच.

शनिवार, ८. संध्याकाळी ६
मालक स्वतः गोठ्यावर जाऊन त्याला घेऊन आले. दुपारपर्यंत टाकी साफ. ताजा चोथा गाईंना, आंबलेला खताच्या खड्ड्यात. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.
मग मालकांनी बोलावलं. घरी पाठवलं नाही! मात्र चोथ्याचा चार्ज आता गोठेवाल्याकडे. मी महिनाभर त्याच्याबरोबर चोथा भरायचा. कायम करायचं की नाही, ते मग तोच सांगणार.
बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, महिना वाढवून मिळाला. कोणाच्या हाताखाली, ते तिने विचारलं नाही, नशीब माझं. पाचचा गजर लावलाय.